कोल्हे पिसाळले त्या उन्हाळ्यात

गार्डमामा गावातल्या बहुतेकांना अरे-तुरे करत, कुत्र्याला मात्र अहो-जाहो. "सरदार, जेवून घ्या, गार हुतंय," असं त्यांनी अंगणात म्हटलेलं पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा घरी कुणी पाहुणे आले असं समजून मी पदर सावरला होता. सरदार म्हणजे त्यांचा तांबडा, उंच कानांचा कुत्रा.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. पासलीच्या शाळेत मी नुकतीच लागले होते आणि मामांच्या घरातली पुढची खोली मला राहायला मिळाली होती. मामा जंगलखात्यात गार्ड होते. संध्याकाळी जेवताना ते रानातल्या बातम्या शेजारपाजारच्या असाव्यात तशा सांगत. "ओढ्याकडची तरसीण पोटुशी हाय," म्हणाले, की मामी विचारत, "तुमची कोण लागती ती?" मामा शांतपणे भात कालवत राहत.

त्या उन्हाळ्यात भर दुपारी एक कोल्हा झोकांड्या खात गावात शिरला. तोंडातून लाळ गळत होती. त्यानं एका वासराचा चावा घेतला आणि मग गावातली कुत्री त्याच्यावर तुटून पडली. सरदारही त्यात होता. कोल्हा मेला. सरदारचा कान फाटला होता. मामांनी जखम धुतली आणि त्याच दिवसापासून त्याला घरामागच्या परड्यात साखळीनं बांधलं. बाकीच्यांनाही आपापली कुत्री बांधून ठेवायला त्यांनी बजावलं, पण कुणी मनावर घेतलं नाही.

काही आठवड्यांनी ते वासरू फेस गाळत मेलं. खिंडीखाली आणखी दोन कोल्हे मरून पडलेले गुराख्यांना दिसले. गाव घाबरलं. मेलेल्या बैलात विष घालून ते रानात ठेवायचं ठरलं, म्हणजे कोल्हे, तरसं, जे काही असेल ते एकदाच संपेल.

मामा देवळापुढच्या बैठकीत उठून उभे राहिले. "ह्यो रोग रानात आपसूक न्हाई उपजत. आपल्याच एखाद्या कुत्र्यानं दिला आसंल. आता त्या कोल्ह्याशी झोंबलेली कुत्री पिसाळली, तर आपली पोरं चावतील आणि रानातबी परत रोग जाईल. विष घालू नका. त्या कुत्र्यांचा बंदोबस्त करा."

वासराची मालकीण, एक म्हातारी, म्हणाली, "गार्ड, आदी तुमचा."

"व्हय," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी साखळी सोडली. सरदारमध्ये रोगाची एकही खूण नव्हती. अन्न खात होता, पाणी पीत होता. मी ओट्यावर वह्या तपासत होते. "मामा, थोडं थांबून बघा ना," मी म्हटलं.

"थांबून कळंल तवा उशीर झाला आसंल, बाई," ते म्हणाले आणि त्याला घेऊन ओढ्यापलीकडच्या माळाकडे निघाले. पलटणीतून परत आलेला एक जण बंदूक घेऊन तिथं थांबला होता. एक बार ऐकू आला. मी पुढची वही उघडली. त्या दिवशी मला रडू आलं नाही, पुढंही कधी आलं नाही.

मामा परत आले, हातपाय धुतले आणि देवळापुढं जाऊन बसले. दुपारपर्यंत लोक आपापली कुत्री घेऊन आले. कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. बैलात विष घालायचं राहून गेलं. मामी बरेच दिवस मामांशी बोलल्या नाहीत, आणि मामांनीही जेवताना रानातलं काही सांगणं सोडलं.

पुढच्या वर्षी माझी नसरापूरला बदली झाली. मामा माझी ट्रंक घेऊन एसटीपर्यंत आले. गाडी यायला वेळ होता. रस्त्याकडे पाहत ते म्हणाले, "परवा तरसीण दिसली. संगं पिल्लं हुती."

"बरं झालं, मामा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. गाडी आली तेव्हा त्यांनी ट्रंक टपावर चढवून दिली आणि गाडी सुटायच्या आधीच ते परत चालू लागले.