दोघांत एक बीपी

सीताराम आणि मी मिळून एक बीपी सांभाळत होतो. म्हणजे बीपी ज्याचा त्याचा, गोळ्या सामायिक.

यात नवल काही नाही. आमच्या रोहण्यात ज्याच्या घरी एकच बैल, तो दुसऱ्या एका बैलवाल्याशी सावड करतो. जोडी जुंपायची, आज तुझं वावर, उद्या माझं. मी म्हटलं, बैलांचं जमते तर गोळ्यांचं काऊन नाई? डॉक्टरनं दोघांनाही तीच गोळी दिलेली, तीही जन्मभर! (जन्मठेपवालाही कधीतरी सुटतो!) दर महिन्याला आर्वीच्या मेडिकलमध्ये खिसा झटकून यायचं. नागपूरचा पोरगा म्हणायचा, "बाबा, मी पाठवतो." पण पोराच्या पैशाची गोळी माझ्या नरड्याखाली उतरली असती का? मुळीच नाही!

मग दोघांत मिळून अख्खा खोका घेतला. ठोकात मेडिकलवाला भाव सोडायचा. घरी आणून सगळ्या गोळ्या सोलल्या आणि बिस्किटाच्या डब्यात ओतल्या. सीतारामला लघवी साफ व्हायची एक वेगळी गोळी होती. तीही त्यातच!

आमची घरवाली कौसल्या म्हणाली, "अवो, दोन्ही पांढऱ्याच हायेत. कोणती कोणाची, कसं समजन?"

"मले शिकवून राह्यली? सरकी हातात घेतली का वाण सांगतो मी!"

आठ दिवस डबा त्याच्याकडे, आठ दिवस माझ्याकडे. ज्याच्याकडे डबा, त्यानं सकाळी दोघांच्या गोळ्या काढायच्या. झकास चाललं होतं.

तेवढ्यात सीतारामच्या पोराचं पवनारला जमत आलं. पोरगा शेती करतो म्हणून दोन जागी नकार आलेला. इथं पोरीनं स्वतः होकार दिला होता, फक्त बोलणी बाकी. ही सोयरीक मोडली तर पोरगा तसाच राहते, या धास्तीनं सीतारामला भाकर गोड लागत नव्हती. त्याची घरवाली नाही, म्हणून बायकांच्या बाजूनं कौसल्या आणि शहाणा माणूस म्हणून मी, असे आम्ही निघालो.

डबा माझ्याकडे होता. सकाळची एसटी, त्यात लाइन गेलेली. अंधारात चाचपून गोळ्या काढल्या. लांब पल्ल्याला निघताना बैलाला सरकीची ढेप जास्त घालतात, म्हणून दोघांनाही एकेक गोळी वरून दिली. (अक्कल माझीच!)

आर्वीपर्यंत ठीक होतं. पुढं वर्ध्याच्या गाडीत तीनदा घंटी मारायला लावली. कंडक्टर म्हणाला, "बाबाजी, एसटी हाय का तुमची बैलगाडी?"

पवनारला पोरीचे वडील महादेवराव मोठे सालस. पोहे झाले. ते म्हणाले, "लग्नाचा खर्च अर्धा-अर्धा करू."

तोच सीताराम ताडकन उठला आणि घरामागं गेला. त्याच्यामागं मी! परत आलो तर महादेवरावांचं तोंड उतरलेलं. "बरं, मांडव आमच्याकडून."

आता मी उठलो. माझ्यामागं सीताराम!

"जेवणावळही आमचीच, पाव्हणे!"

दोघंही एकदम उठलो. दारात खांद्याला खांदा अडकला.

परत आलो तर महादेवरावांनी हात जोडलेले. "घडीघडी बाहेर जाऊन काय मसलत करून राह्यले जी? मी लहान माणूस. नसन करायचं तं साफ सांगा."

आतून पोरीचा आवाज आला, "बाबा, राहू द्या. त्यायले नाई पटत तं नाई."

सीताराम पांढराफटक पडला. बोलायला तोंड उघडलं, तर मी डोळे वटारले. नव्या व्याह्यापुढं लघवीची गोष्ट काढायची? इज्जत हाय का नाई? तो बिचारा पायावर पाय दाबून उभा!

शेवटी कौसल्यानं पदर सावरला. "अवो भाऊ, मसलत कायची! पैसे वाचवाले दोघायच्या गोळ्या एका डब्यात ठेवते. आज यायनं लघवीच्या वाटल्या, त्याबी डबल!"

आत पोरगी फिसकन हसली. महादेवराव तर असे हसले की टोपी पोह्याच्या ताटलीत पडली. "म्हंजे मांडव मी गोळीले देल्ला!"

"अर्धा-अर्धाच, भाऊ!" सीताराम ओरडला. "मांडव अर्धा, जेवण अर्धं, पोरगी तेवढी पुरी द्या! अन् मले आता जाऊ द्या!"

सोयरीक पक्की झाली. निघताना महादेवराव मला म्हणाले, "बीपी मलेबी हाय. डॉक्टरले म्हटलं, झेपत नाई. त्यानं तेच औषध स्वस्त कंपनीचं लिहून देल्लं. तुमी इचारलं नाई काय?"

वांग्याच्या भावासाठी मी बाजारात तासभर भांडतो, पण डॉक्टरला विचारलं नव्हतं.

कौसल्यानं मला आर्वीला नेलंच. आधी डब्यापायी डॉक्टरची बोलणी खाल्ली. मग भिंतीकडं पाहत मी म्हटलं, "थे... जराशी स्वस्तातली..."

"आहे ना! तितकीच चांगली," डॉक्टर म्हणाला. "पण बाबाजी, पहिल्या दिवशी तुम्हीच टेबलावर हात आपटून म्हणाला होता, 'भारीतली लिहा, पैशाची फिकर नाई!'"

कौसल्यानं माझ्याकडं पाहिलं. मी पंख्याकडं पाहिलं.

चिठ्ठी घेऊन दारापर्यंत आलो. बाहेर बाकावर रोहण्याचीच चार माणसं कान देऊन बसलेली! राहवलं नाही. मागं वळून मोठ्यानं म्हटलं,

"डॉक्टरसाहेब, स्वस्तातलीच लिहा, पण त्यातल्या त्यात सगळ्यात महाग असन थे लिहा!"