निळं लावल्याशिवाय घासायचं नाही

गौरवग्रंथ समितीच्या सर्वांना दत्तात्रय चौगुल्याचा लखनौच्या वृंदावन योजना वसाहतीतून नमस्कार.

आधी तब्येती. संपादनाचं ओझं ज्यांनी डोक्यावर घेतलं आहे त्या सुनीतावहिनी, तुमचा गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठड्याला धरता की अजून हट्टानं तशाच उतरता? रानडेसाहेबांचं ब्लडप्रेशर आटोक्यात असेल, पण गोमती नगरातल्या त्या दुकानाची खस्ता कचोरी सुटली का, ते त्यांनाच विचारा, दुसऱ्या कुणाचं ऐकू नका. कुलकर्णीबाईंचा खोकला गेला का? आणि ज्यांच्यासाठी हा खटाटोप चालला आहे त्या मंदाताई दुपारचं जेवण वेळेवर घेतात का? माझ्या माहितीप्रमाणे घेत नाहीत. आमच्या घरी मी ठीक, मालतीची कंबर थंडीत कुरकुरते, बाकी छान.

वहिनी, तुमचं निमंत्रण मिळालं. श्रीमती मंदाकिनी देवस्थळी साठ वर्षांच्या होत आहेत, त्यांच्याबद्दल दोन शब्द लिहा, असं तुम्ही कळवलंत. पत्र तुम्ही जाड पेनानं, एका पानावर चारच ओळी, बोराएवढ्या अक्षरात काढलं होतं. माझ्या डोळ्याचं ऐकून काळजीपोटी काढलंत, हे समजलं आणि बरं वाटलं. त्याबद्दल शेवटी बोलतो.

मी शाळा सातवीत सोडलेला माणूस. कोल्हापुरात लेथवर हात बसला आणि मामांच्या मागे इकडे लखनौला आलो. पंपांच्या कारखान्यात मिस्त्री झालो, जे काही येतं ते बघून आणि चुकून शिकलो. त्यामुळे विद्वानांच्या लेखांत माझा लेख ठिगळासारखा दिसला तर चालवून घ्या.

मंदाताईंची ओळख झाली ती दहा वर्षांपूर्वी, आणि ती माझ्याच बेफिकिरीमुळे. छिन्नी चालवताना कामाचा चष्मा माझ्या कपाळावर होता, डोळ्यावर नव्हता. लोखंडाची कपची उडाली आणि उजव्या डोळ्यात गेली. इस्पितळात ती काढली, जखम भरली, पण बुबुळावरच्या काचेवर व्रण राहिला आणि तो भाग उंचसखल झाला. डावा डोळा लहानपणापासूनच अधू. म्हणजे माझा कामाचा डोळा एकच, आणि त्यातून दिसायचं ते पावसात भिजलेल्या काचेतून दिसावं तसं. चष्म्याचे नंबर बदलून पाहिले, फरक शून्य. सर्जनसाहेबांनी दोन वाटा सांगितल्या. बुबुळ बदलायचं ऑपरेशन, नाहीतर त्याआधी कॉन्टॅक्ट लेन्स बसते का ते बघा.

इकडे कारखान्याचे सेठजी भले माणूस. त्यांनी मला बोलावून चहा पाजला आणि म्हणाले, "मिस्त्रीजी, अब आराम कीजिए. स्टोर में बैठिए, औज़ार गिनकर दीजिए." त्यांनी महिनाभराची मुदत दिली. महिन्यात नजर आली नाही तर स्टोरमधलं स्टूल माझं. अठ्ठावन्नाव्या वर्षी ते स्टूल मला तिरडीसारखं दिसायला लागलं. चाळीस वर्षं ज्या हातांनी बुश बसवले, त्या हातांनी पाने-पक्कड मोजून द्यायचे. मी घरी येऊन मालतीला सांगितलं, काही झालं तरी त्या स्टुलावर बसायचं नाही.

मग एकानं सुचवलं म्हणून एका दुकानातून मऊ लेन्स घेतली. डोळ्यात घातलेली कळतसुद्धा नव्हती, म्हणून मी खूश. फक्त दिसायचं पहिल्यासारखंच. तीच लेन्स घालून मी मंदाताईंकडे गेलो. तेव्हा त्यांची खोली एका चष्म्याच्या दुकानाच्या मागे होती. पती जानकीपुरमच्या बाजूला औषध संशोधनात, त्यामुळे त्यांचा संसार तिकडे आणि काम इकडे. मी आत जाऊन "नमस्ते डॉक्टर मैडम" म्हटलं. त्यांनी माझ्या बोलण्यावरून ओळखलं आणि मराठीत म्हणाल्या, "मी डॉक्टर नाही हो, ऑप्टोमेट्रिस्ट आहे. डोळा मोजते आणि लेन्स बसवते. ऑपरेशनचं डॉक्टरांना विचारायचं, लेन्सचं मला." आजही कुणी डॉक्टर म्हटलं की त्या दुरुस्त करतात. पाटीवर नसलेली पदवी त्यांनी कधी अंगाला लावून घेतली नाही.

त्यांनी माझी मऊ लेन्स काढली आणि समजावलं. ओलं फडकं दगडावर टाकलं तर दगडाचे उंचवटे फडक्यावर उमटतात. मऊ लेन्सचं तसंच आहे, ती व्रणाचाच आकार घेते. मला हवी होती कडक लेन्स. ती आपला आकार सोडत नाही, खालच्या खळग्यांत अश्रू भरतात आणि वरचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो. मी म्हणालो, पण मऊ लेन्स सुखाची आहे. त्या म्हणाल्या, "सुखाची आहे, पण तुमच्या कामाची नाही. तुम्हाला काय हवंय ते ठरवा." मी ठरवूनच आलो होतो.

पेटीतून एकेक नमुन्याची लेन्स घालून बघण्याचा कार्यक्रम सुरू झाला. पहिली घातली आणि डोळ्यातून धारा लागल्या. त्यांनी घाई केली नाही. अर्धा तास बाहेर बसा, मालतीवहिनींशी बोला, मग बघू, एवढंच म्हणायच्या. दुसरी घातली. तिसरी घातली. दर वेळी नारिंगी रंगाची कागदी पट्टी डोळ्याला लावायच्या, मग निळा दिवा पाडून यंत्रातून बघायच्या. तिसऱ्या वेळी त्यांनी मला संगणकाचा पडदा दाखवला. माझाच डोळा, आणि त्यावर हिरवा उजेड पसरलेला, मधे काळे डाग. त्या म्हणाल्या, हिरवं दिसतं तिथे लेन्सखाली पाणी आहे, काळं दिसतं तिथे लेन्स टेकते आहे.

मी खुर्चीतून उठलोच. म्हटलं, "ताई, हे तर आमचं निळं."

त्यांना कळेना. मग मी सांगितलं. शाफ्टवर, म्हणजे पंपाच्या फिरत्या दांड्यावर, बुश, म्हणजे धातूची जाड नळी, बसवायचा तर आधी शाफ्टला निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, बुश ठेवायचा आणि फिरवायचा. बुशाला जिथे निळं लागेल तिथे तो टेकतो आहे. तेवढंच स्क्रेपरने खरवडायचं, पुन्हा निळं, पुन्हा फिरवायचं. निळं सगळीकडे सारखं लागलं की बुश बसला.

बाहेर चार पेशंट ताटकळत होते. तरी ताईंनी वही पुढे ओढली आणि मला तीन प्रश्न विचारले. निळं किती पातळ लावता? किती वेळा फिरवता? कमी टेकलेलं बरं की जास्त? शिकलेल्या बाईनं माझ्यासारख्याचं बोलणं लिहून घेतलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढे त्या दुसऱ्या पेशंटांनाही तसंच समजावू लागल्या, हिंदीत, "हमारे मिस्त्रीजी का नीला" म्हणून.

त्या तिसऱ्या नमुन्यावरून माझी लेन्स तयार होऊन आली. भिंतीवरच्या तक्त्यातली खालून दुसरी ओळ मी वाचली आणि मालतीनं पदरानं डोळे पुसले. पण चार तास झाले की लेन्सची कड खालच्या पापणीला टोचायची. ताईंनी बजावलं होतं की आठ दिवसांनी दाखवायला या, तोवर त्रास झाला तर काढून ठेवा. मी आठ दिवस थांबणारा माणूस नव्हे. महिन्यातले वीस दिवस संपले होते. रविवारी दुपारी मी नमद्यावर, म्हणजे जाड लोकरी तुकड्यावर, पॉलिशची लाल पावडर घेतली आणि लेन्सची कड हलक्या हातानं घासली. बोटाला कड मऊ लागली. मला वाटलं, काम फत्ते.

दोन दिवसांत डोळा लाल झाला. ताईंकडे गेलो आणि धूळ गेली असेल म्हणून सांगितलं. त्यांनी लेन्स भिंगाखाली धरली. कडेकडेनं फिरवून बघितली. मग भिंगातून डोळा न काढताच विचारलं, "किती वेळ घासलीत भाऊ?"

माझी मान खाली गेली. म्हटलं, दहा मिनिटं.

"शाफ्ट घासता कधी?"

"नाही ताई. शाफ्टला हात लावत नाही, बुशच खरवडतो."

"म्हणजे डोळा सोडून लेन्सला, तुमच्या बुशाला, हात घातलात ते तुमच्या हिशेबानं बरोबर. पण निळं लावलं होतंत का?"

एवढंच विचारलं. वहिनी, मी कारखान्यात नव्या माणसांना याच एका गोष्टीसाठी फैलावर घेत असे. निळं लावल्याशिवाय स्क्रेपर उचलायचा नाही. आणि स्वतःच्या एकुलत्या एका डोळ्याच्या बाबतीत मी तेच केलं होतं. त्या मला रागावून बोलल्या असत्या तर परवडलं असतं.

मग त्यांनी निकाल दिला. डोळ्यावर ओरखडा आहे. आजच डॉक्टरांना दाखवायचं, आणि दोन आठवडे कसलीही लेन्स नाही. मी हात जोडले. म्हटलं, मुदत आठ दिवसांवर आली आहे, स्टूल तयार आहे. त्या ऐकेनात. म्हणाल्या, "घाई तुमची आहे आणि डोळाही तुमचाच आहे. मी तुमच्या घाईला लेन्स बसवत नाही, डोळ्याला बसवते. तुमच्या सेठजींचं मी बघते."

आणि खरंच बघितलं. दुसऱ्या दिवशी डोक्याला रुमाल बांधून स्कूटरवरून कारखान्यात हजर. मी घरी होतो, पुढचं मला तिथल्या माणसांनी सांगितलं. सेठजींना त्या म्हणाल्या की चूक पेशंटची असली तरी पेशंट माझा आहे, मला आणखी एक महिना द्या, त्यानंतर नजर आली नाही तर मीच येऊन सांगेन. सेठजी म्हणाले, "मैडम, आप ज़मानत ले रही हैं?" ताई म्हणाल्या, हाँ, ले रही हूँ. महिना मिळाला.

डोळा बरा झाल्यावर त्यांनी लहान कडक लेन्सचा नाद सोडला आणि दुसरा प्रकार निवडला. ही लेन्स मोठी, इवल्याशा वाटीसारखी खोलगट. ती बुबुळाला टेकतच नाही, भोवतालच्या पांढऱ्या भागावर बसते आणि व्रणावरून कमानीसारखी जाते. बाहेरगावाहून करून मागवावी लागली आणि दोनदा परत पाठवली, कारण एका बाजूला कड जरा दाबत होती. मला ती चालली असती. त्यांना चालली नाही.

ती घालायचं एक वेगळंच शास्त्र. वाटी डोळ्यात घालायच्या खास पाण्यानं काठोकाठ भरायची, मान जमिनीकडे घालायची आणि पाणी न सांडता ती वर डोळ्याला लावायची. एक बुडबुडा राहिला तरी सगळं धूसर. पहिल्या दिवशी माझं निम्मं पाणी शर्टावर. ताईंनी मला एका बैठकीत सतरा वेळा घालायला आणि काढायला लावलं, स्वतः शेजारी बसून. मी नखं कापून आलो की नाही ते बघायच्या, ग्रीसच्या हाताला कोणता साबण ते सांगायच्या. मालतीनं एकदा मदतीला हात पुढे केला तर तिच्या बोटांवरची हळद बघून तिलाही नळाकडे पाठवलं. सतराव्या वेळी बुडबुडा आला नाही. मी म्हटलं, झालं. ताई म्हणाल्या, अठरावी वेळ उद्या सकाळी, माझ्याशिवाय.

कारखान्यात परतलो त्या दिवशी सेठजींनी मुद्दाम मोठ्या पंपाचा बुश माझ्यापुढे ठेवला. मी निळं लावलं, फिरवलं, खरवडलं, पुन्हा लावलं. दुपारपर्यंत निळं बुशाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखं उमटलं, आणि त्यातला बारीकातला बारीक ठिपका मला दिसत होता. सेठजींनी बघितलं आणि स्टोरमधलं स्टूल चौकीदाराला देऊन टाकलं. त्याच आठवड्यात ताई आल्या. जामीन राहिले होते, माल बघायला आले, म्हणाल्या. बुशावरून त्यांनी बोट फिरवलं आणि ते निळं झालं. ते निळं साबणानं सुटत नाही. पुढचे दोन दिवस पेशंट विचारत होते, मैडम, उंगली में क्या हुआ, आणि त्या सांगत होत्या, दाखला मिळालाय.

मी चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो, स्वतःच्या मर्जीनं, स्वतःच्या बाकावरून उठून. ती वाटी रोज सकाळी घालतो. ताईंची खोली आता गोमती नगरात आहे, यंत्रं नवी आहेत, पण लेन्स जराशी दाबत असली तर परत पाठवायची ही खोड तीच आहे. परवा गेलो होतो तर एका चिडलेल्या गृहस्थांना त्या शांतपणे सांगत होत्या की आज लेन्स मिळणार नाही. मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, भाईसाहब, रुक जाइए, मैं भी रुका था.

मंदाताई, हा ग्रंथ तुमच्या हाती पडेल तेव्हा तुम्ही साठीच्या झालेल्या असाल. तुम्हाला भरपूर आयुष्य मिळो, पाठ आणि मान शाबूत राहो, कारण त्या यंत्रावर वाकून तुमची मान माझ्या डोळ्यापेक्षा जास्त झिजली आहे. तुमच्या डोळ्यांना कुणाची लेन्स न लागो. जेवण वेळेवर घ्या. पेशंट थांबतील, थांबायला तुम्हीच शिकवलं आहे.

आणि सुनीतावहिनी, लेख पोचला की लगेच कळवा. काय ठेवलंत, काय कापलंत, समारंभ कुठे आहे आणि किती वाजता यायचं, सगळं सविस्तर लिहा. उत्तराला उशीर लावू नका, मी वाट बघतो आहे. आणि अक्षर मोठं काढू नका. तुमचं नेहमीचं, मुंगीच्या पायासारखं बारीक अक्षर असतं तेच काढा. मी वाचेन.