काय ऐकलंस, सांग

रविवार सकाळ, घिवलीचा अभ्यासवर्ग. हजर: मी, दहावीच्या मुली आणि सुट्टीच्या दिवशी गणित शिकवायला येणारी, तारापूरच्या कारखान्यातली तरुण इंजिनीअर. कारखान्यात सूचना परत म्हणून दाखवल्याशिवाय व्हॉल्व्ह उघडत नाहीत. इथेही तिचं तेच: "काय ऐकलंस, सांग." नुसती मान डोलावून सुटका नाही.

गणितापायी शाळा सोडायला निघालेली एक मुलगी आज पुटपुटली, "ताई, मना कायच नाय समजला."

बाकीच्या हसल्या. "शाब्बास!" इंजिनीअर म्हणाली. "आमच्या प्लांटमध्ये हे कोणी बोललं नाही, तर स्फोट होतो." फळा पुसून तिने प्रमेय पहिल्यापासून सुरू केलं.

इतकी वर्षं वर्ग चालवते, पण या वाक्याला शाबासकी मिळताना मी पहिल्यांदाच पाहिली.

वर्ग सुटला, तरी ती मुलगी उठली नाही. प्रमेयाची शेवटची पायरी तिला अजून स्वतः सांगायची आहे.