रिकामा भगत

आमच्या घरात भगताला कधी जागा नव्हती. आई शाळेत विज्ञान शिकवायची. वलगावकडचं कुणी आजारपणात भगताकडे अंगारा आणायला गेलं असं कळलं, की ती त्यांना घरी बोलावून चहा पाजायची आणि तासभर समजावून सांगायची. त्यामुळे धाकट्या भावाच्या खोलीतून "माझा भगत मेला, आता पाहा मजा!" अशी आरोळी पहिल्यांदा ऐकू आली, तेव्हा ती कणकेच्या हातानंच धावली.

तो भगत संगणकावरच्या एका खेळातला होता. नकाशावर दोन बाजू असतात. प्रत्येकीनं लाकूड-दगड गोळा करायचा, वस्ती उभारायची, सैन्य तयार करायचं आणि समोरच्याची वस्ती पाडायची. बुद्धिबळासारखी यात पाळी नसते. दोघंही एकाच वेळी खेळत असतात, त्यामुळे विचार करायला थांबलं की समोरचा पुढं निघून जातो. सैन्यात धनुर्धारी असतात, घोडेस्वार असतात आणि एखाद-दुसरा म्हातारा मांत्रिक असतो. भावानं त्याला आपल्याकडचं नाव दिलं होतं, भगत. हा भगत तयार व्हायला फार वेळ लागतो, तो चालतो हळू आणि पटकन मरतो. पण त्यानं काठी आपटली की शत्रूच्या सैन्यावर धुकं पसरतं आणि त्यात सापडलेले सगळे जागच्या जागी गोठतात. एकदा धुकं सोडलं की त्याची शक्ती संपते. ती हळूहळू परत भरते, आणि तोवर शहाणे खेळाडू त्याला मागं आणून जपतात.

माझा भाऊ जपत नसे. तो भगताला एकट्याला शत्रूच्या तोंडावर चालवत न्यायचा आणि मरू द्यायचा.

मी अकोल्याला एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. शनिवारी संध्याकाळी अमरावतीला घरी यायचं आणि रविवार भावाच्या खोलीत पुस्तक घेऊन काढायचा, असा माझा क्रम होता, कारण घरातला एकुलता एक कूलर त्या खोलीच्या खिडकीला आहे. भाऊ नांदगाव पेठेला कापड कारखान्यात होता. रविवारी दुपारी त्याचा खेळ रंगायचा, आणि समोर नेहमी एकच जण असायचा, तंत्रनिकेतनातला त्याचा मित्र. त्याचं अकोल्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे.

"पाठवला का पुन्हा भगताले मराले?" मित्राचा आवाज स्पीकरमधून यायचा. "घे, मेला!"

"मेला त मेला. तू तुई वस्ती सांभाळ," भाऊ म्हणायचा.

मी पानं उलटता उलटता ऐकायची, बघायची. त्याच्या खांद्यावरून वर्षानुवर्षं पाहिलेला खेळ मला पाठ झाला. पुढं त्याला श्वासाचा आजार जडला आणि खुर्चीवर बसवेना, तेव्हा तो पलंगावरून सांगायचा आणि माउस मी धरायची. मित्राला हे ठाऊक नव्हतं.

भाऊ उन्हाळ्याच्या तोंडाशी गेला. पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्याच्या आठवणीसाठी ठेवलेल्या कार्यक्रमात, त्याचा हा मित्र बोलायला उभा राहिला. "मनानं राजा माणूस होता," तो म्हणाला, "पण उधळा. खेळात भगत उधळायचा, अन स्वतःलेबी तसंच उधळलं त्यानं." त्यानं ते मायेनं म्हटलं. लोकांनीही प्रेमानंच माना हलवल्या.

त्या दिवशी पाहुणे गेल्यावर आई सतरंजीची घडी घालता घालता थांबली.

"उधळा होता का गं तो?"

"नाही."

"मग श्वास पुरत नसताना पाहुण्यांशी तास तास काहून बोलत बसायचा? मी म्हणायची, पडून राहा, मी पाहते त्यांच्याकडं. त उलट हाका मारून बोलवायचा सगळ्यांले. जपलं असतं थोडं स्वतःले, त आणखी राहिला असता."

याचं उत्तर मला माहीत होतं, आणि नुसतं सांगून भागणार नाही हेही माहीत होतं. आई आयुष्यभर मुलांना सांगत आली, प्रयोग करून पाहा आणि मगच माना. मी अकोल्याला गेल्यावर मित्राच्या दुकानात गेले आणि त्याला रविवारी लॅपटॉप घेऊन घरी ये म्हटलं.

तो आला. मी भावाच्या संगणकाशी बसले, त्याला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं आणि आईची खुर्ची मधोमध ठेवली, म्हणजे तिला दोन्ही पडदे दिसतील.

"ताई, हे बरं नाई," तो म्हणाला. "मी तुमाले हरवीन, अन मंग काकू मले चहाबी देनार नाई."

"चहा मिळेल. पण हरलास तर एक शब्द परत घ्यायचा."

"कोनता?"

"उधळा."

त्यानं आईकडं पाहिलं. "मी वाईट अर्थानं नोतं म्हटलं, ताई."

"मला माहीत आहे. तरी."

तो चांगला खेळतो. मी अजून वस्तीची भिंत पुरी करत होते, तेवढ्यात त्याचे घोडेस्वार येऊन धडकले. माझे दोन भगत भिंतीआड उभे होते. त्यातल्या एकाला मी काठी आपटायला लावली. घोडे धुक्यात गोठले, माझ्या माणसांनी ते पाडले आणि वस्ती वाचली.

"वा ताई!" तो म्हणाला. "आता मांगं घ्या त्याले. आराम करू द्या."

मी त्याला मागं घेतलं नाही. आईला पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, काठी आपटली तो हा. मग त्यालाच फाटकाबाहेर काढला आणि एकट्याला नदीवरच्या पुलाकडं चालवायला लागले. पुलापलीकडं मित्राचे धनुर्धारी रांग धरून उभे होते.

"अरे बापा! काकू, पाहा, घराण्याचीच खोड हाय ही! आला, भगत आला! मारा त्याले!"

पुलावर सगळे बाण भगतावर पडले. मित्राची नजरही तिथंच होती. तो हसत होता. धनुष्यं पुन्हा ताणायला वेळ लागतो, आणि तेवढाच वेळ मला हवा होता. माझे घोडेस्वार खालच्या उथळ पाण्यातून केव्हाच पलीकडं गेले होते, आणि त्यांच्या आडून दुसरा भगत चालला होता, भरलेला. त्यानं काठी आपटली. धनुर्धाऱ्यांची अख्खी रांग गोठली. पुढं फार काही उरलं नव्हतं. मित्राची वस्ती पडली.

तो पडद्याकडं बघत राहिला. "पन धुकं कोनी सोडलं? भरलेला भगत त पुलावर मेला ना तुमचा."

"तो रिकामा होता. त्याची शक्ती भिंतीपाशीच संपली होती."

"मले त दिसलं नाई."

"समोरच्याला ते दिसतच नाही. भरलेला आणि रिकामा, तुझ्या पडद्यावर दोघं सारखेच."

त्यानं लॅपटॉप थोडा मागं सारला. मग म्हणाला, "म्हंजे तो दरवेळेस...?"

"दरवेळेस रिकामाच पाठवायचा. भरलेला त्यानं कधी वाया घालवला नाही."

आई दोन्ही पडद्यांकडं आलटून पालटून बघत होती. तिनं विचारलं, "सगळे बाण त्याच्यावर गेले, म्हणून बाकीचे पार झाले?"

"हो."

"अन त्याच्याजवळ तेव्हा काहीच नव्हतं?"

"काहीच नव्हतं."

तिनं पदर हातात घेतला आणि नीट करून परत सोडला. "पाहुणे त्याच्यापाशी बसायचे तेव्हा मी आत झोपलेली असायची," ती म्हणाली. "रात्री त्याच्यापाशी जागायची, हिवाळाभर मले झोप मिळाली ती तेवढीच. मले वाटायचं, पाहुणेच मले उठवत नाहीत. अडवून त तो धरायचा त्यांले." ती उठली. "चहा टाकते."

मित्रानं डोळे पुसले, खिशातून मोबाइल काढला आणि त्यांच्या जुन्या सोबत्यांच्या गटावर निरोप बोलायला लागला. "आयका रे. आपला भाऊ उधळा नोता. आपनच येडे होतो. भेटलो की समजावून सांगतो." आई स्वयंपाकघराच्या दारात थांबून ऐकत होती. "पुन्हा लाव ते," ती म्हणाली. त्यानं पुन्हा लावलं. मग ती आत गेली आणि कपांचा आवाज आला.

"ताई, आनखी एक डाव?" तो म्हणाला.

मी मांडला. या वेळी भिंत लवकर बांधून झाली, आणि थोड्या वेळानं मी एक भगत फाटकाबाहेर काढून पुलाकडं चालवायला सुरुवात केली. मित्रानं बाण रोखून धरले. तो भगताकडं बघत होता, मग माझ्याकडं.

"ताई, खरं सांगा. हा भरलेला हाय का रिकामा?"

मी पुलाच्या पलीकडच्या टोकावर टिचकी मारली. भगत चालत राहिला.