हापशावरच्या चार कॅसेटी

त्या वर्षीचे तुमचे आवडते अल्बम कोणते, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. ऑल्टरनेटिव्ह रॉकचे शौकीन लोक अल्बमचं नाव, साल, गिटार कुणाची, ड्रम कुणाचे, सगळं पाढ्यासारखं म्हणून दाखवतात. मला एकही नाव माहीत नाही. माझ्याकडे चार कॅसेटी होत्या, चारही दुसरीकडून भरून घेतलेल्या, बिनकव्हरच्या. तरी संगीतात तसं वर्ष पुन्हा झालं नाही, या मतावर मी ठाम आहे, आणि कुणाला वाद घालायचा असेल तर खुशाल यावं.

ते शहाऐंशी साल. लातूर जिल्हा तेव्हा नवा होता. बाबा कारकून. नव्या कलेक्टर कचेरीत नांदेडहून बदलून आले आणि आम्ही सगळे त्यांच्यामागून आलो. दादा औरंगाबादला इंजिनिअरिंगला होता. होस्टेलवरच्या कुणाकडून तरी तो कॅसेटी भरून घ्यायचा आणि मला पार्सलनं धाडायचा. पहिल्या खेपेला त्यानं जुन्या नकाशात बघून पत्त्यावर उस्मानाबाद जिल्हा घातला, आणि पार्सल आधी तिकडे फिरून आलं. उशीर झाला म्हणून मी रडले. बाबांना मात्र नव्या जिल्ह्याचा अपमान जास्त लागला. त्यांनी दादाला दोन पानी पत्र लिहिलं.

पहिल्या कॅसेटमधला गडी तोंडात पान धरून गायचा. एक शब्द कळायचा नाही, पण त्याला काहीतरी फार आतलं सांगायचंय एवढं कळायचं. दुसरीत गिटारी नुसत्या किणकिणायच्या, आणि गाणारा इतका दुःखी की त्याला घरी जेवायला बोलवावंसं वाटे. तिसरी म्हणजे पिठाची गिरणी. सुरुवातीला नुसता घरघराट, आणि मग त्या घरघराटाच्या खाली एक गोड चाल सापडायची. चौथीत एक बाई होती. ती गात नव्हती, भांडत होती, आणि मधूनच असा आवाज लावायची की माझ्या अंगावर काटा यायचा. मी नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली. मला भांडता येत नव्हतं. त्या बाईवर माझा फार जीव होता.

मला भांडायचं होतं ते हापशावरून. पावसानं सलग दगा दिला होता आणि आमच्या वाड्यातल्या सात बिऱ्हाडांना मिळून एक हापसा होता, घरमालकिणीच्या अंगणात. चार हिसके मारले की तो हवा ओकायचा. मग थांबायचं, पाणी जमू द्यायचं, पुन्हा हापसायचं. पाळ्या काकू ठरवायची. काकू म्हणजे घरमालकीण, रेणापूरकडच्या शेतकरी घरातली, आवाजानं अख्खी गल्ली हलवणारी. मनानं वाईट नव्हती. मला ताप आला तेव्हा तिनंच मला खांद्याला धरून दवाखान्यात नेलं होतं. पण आमचं दार उघडं असलं की भिंतीवरची बुद्धाची तसबीर अंगणातून दिसायची. जात कुणी विचारली नाही, विचारायची गरजच पडली नाही. आईची पाळी नेहमी शेवटची. दोन हंडे झाले की काकूची हाक यायची, "बास आता नांदेडवाली, पानी जमू द्या." आणि आई गेल्यावर काकू हापशाच्या दांड्यावर तांब्याभर पाणी ओतायची. दुष्काळात प्यायला पाणी नव्हतं, पण दांडा धुवायला होतं.

आई कंधारची. बोलायची कमी. दोन हंड्यांत सगळ्या घराचं निभवायची आणि मी चिडले की म्हणायची, "आपल्याला इथं ऱ्हायचं हाय." मला तिचा राग यायचा. काकूपेक्षाही तिचा जास्त.

मग एका सकाळी दोन बायकांची जुंपली. एकीच्या घड्याळात अर्धा तास झाला होता, दुसरीच्या घड्याळात वीस मिनिटं. तिसरीनं आपलं घड्याळ आणलं तर ते बंदच. मी ओट्यावर टेपरेकॉर्डर घेऊन बसले होते. तेवढ्यात कॅसेटची बाजू संपली आणि बटण आपोआप खट् करून वर आलं. काकू वैतागून म्हणाली, "हिचं बोंबलनं तर आपल्या आपन थांबतंय की! एका घराला एक बाजू. झालं." आपण काय बोलून बसलो, हे तिला तेव्हा कळलं नसावं. काकूचा शब्द तो वाड्याचा कायदा. त्यामुळे आईलाही अख्खी बाजू मिळाली.

अर्ध्या तासात पाच हंडे आले. त्या दिवशी आईनं मला न्हाऊ घातलं आणि स्वतःचेही केस धुतले. तांब्या मात्र चालूच राहिला.

रोज सकाळी साडेतीन तास त्या अंगणात रॉक वाजायचं. बायकांच्या आवडीनिवडी ठरून गेल्या. शेजारच्या वहिनींना गिरणीच हवी असायची, "हापसताना बरं पडतंय" म्हणून. कोपऱ्यातल्या आजींना दुःखी गडी आवडायचा. "कोन मेलंय याचं?" असं रोज विचारायच्या. मी सेल उन्हात वाळवून वापरायची. सेल उतरले की गाणं रेंगाळायचं आणि पाळी लांबायची. अशा वेळी जिची पाळी असेल तिला ते गाणं फार गोड लागायचं.

भांडखोर बाईची कॅसेट मी तिथं लावत नव्हते. ती नव्वद मिनिटांची होती, बाकीच्या साठच्या. म्हणजे तिची एक बाजू पाऊण तासाची. हे फक्त मला ठाऊक होतं. आणि एक दिवस आईच्या पाळीला मी तीच कॅसेट लावली.

आईला सात हंडे मिळाले. कुणाच्या लक्षात आलं नाही. सगळ्यांचे कान फक्त खट्कडे. घरी आल्यावर आईनं विचारलं, "आज सात कसे काय?" मी हसत सांगितलं. ती हसली नाही. "मेहेरबानीचं नको म्हनून मी इतके दिवस गप बसले," ती म्हणाली. "अन् तू मला चोरीचं पाजायलीस?"

दुसऱ्या दिवशी तिसरा हंडा भरताच तिनं दांडा सोडला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "काल माझे दोन जास्तीचे आले. पोरीनं लांबडी कॅसेट लावली व्हती. आज तीनच घेते." धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं. बायका हसल्या. काकू तेवढी हसली नाही. तिनं ते ध्यानात ठेवलं.

पंधरा दिवसांनी पाणी आणखी खाली गेलं. आईचा दुसरा हंडा भरत आला होता, पान खाणारा गडी गात होता, आणि काकूनं ओट्यावर येऊन बटण दाबून टेप बंद केला.

"बास करा नांदेडवाली. तुमच्या पोरीचा काय भरोसा? आजबी लबाडीच करायली आसंल."

चूक माझी होती आणि पाणी आईचं जाणार होतं. आईनं दांडा सोडला. आता ती हंडे उचलून घरी निघेल, अशी माझी खात्री होती. ती पदराला हात पुसत ओट्याशी आली. टेपरेकॉर्डरला तिनं तोवर कधी बोट लावलं नव्हतं.

"कंचं दाबायचं?" तिनं मला विचारलं.

मी बटण दाखवलं.

"चोरीचे दोन हंडे मी सोडले, बाई," ती काकूला म्हणाली. आवाज चढवला नाही. "हे माझ्या वाटनीचं हाय. गानं संपलं न्हाई अजून."

तिनं बटण दाबलं. गडी अर्ध्या शब्दावरून पुढे गाऊ लागला आणि आई हापशाकडे परत गेली. काकूनं पुन्हा बटणाला हात लावला नाही. मला रडू येत होतं, आणि आईचा इतका अभिमान वाटत होता की तिच्याकडे नीट बघवेना.

त्या बाजूचं शेवटचं गाणं लवकर संपतं. पुढे चार-पाच मिनिटं रिकामी फीत नुसती सुं करत फिरते. एरवी एवढ्या वेळात बायका हंडे आवरायला लागायच्या. आई त्या सुं सुं आवाजातही हापसत राहिली. हवा आली की थांबली, पाणी जमलं की पुन्हा हापसलं. खट् झाल्यावरच तिनं दांडा सोडला.