शून्यावरचा काटा

सातपूरच्या ज्या कारखान्यात मी रिले तपासायची नोकरी केली, तिथल्या शेठना एक काटा फार प्रिय होता. पाहुणे आले की ते त्यांना पॅनेलसमोर उभं करत आणि म्हणत, "बघा, शून्यावर!" कारखान्याचा स्वतःचा जनरेटर बाहेरच्या लाइनीला जोडून चालायचा, आणि तोही इतका बेतून की बाहेरून वीज घ्यायची नाही आणि बाहेर द्यायचीही नाही. ऑपरेटर दिवसभर त्या काट्याची मर्जी सांभाळत बसे.

बाहेरची लाइन बंद झाली की जनरेटर आपोआप तिच्यापासून सुटायला हवा; तो सोडवणं हे रिलेचं काम. नाही सुटला तर तो एकटाच त्या तारांना वीज पुरवत राहतो. आजूबाजूला सगळं बंद आणि मधे तेवढाच तुकडा जिवंत, याला आमच्या धंद्यात बेट म्हणतात. व्होल्टेज किंवा फ्रीक्वेन्सी हलली की रिलेला बेट झाल्याचं कळतं. पण काटा शून्यावर असला तर लाइन गेली तरी काहीच हलत नाही. मग रिलेला पत्ता लागणार कसा? मी हे आमच्या खात्याच्या साहेबांना सांगितलं, सबस्टेशनपासून इशाऱ्याची वेगळी वायर ओढा म्हटलं. साहेब हसले. "मॅडम, लाइन बंद करणारे आधी फोन करतात की!" शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, पण आधी शहाणा तरी सापडायला हवा.

शनिवार म्हणजे सातपूरची सुट्टी. शेजारचे कारखाने बंद, म्हणजे लाइनीवर वीज ओढणारं दुसरं कुणी नाही; आमचा मात्र चालू. अशा एका शनिवारी लाइनीचं काम निघालं आणि खांबावर चढला तो माझा सख्खा मोठा भाऊ. दादा एका ठेकेदाराकडे लाइनमन होता. लाइन बंद केल्याचा निरोप त्याला मिळाला. आमच्या कारखान्याला फोन करायचं मात्र राहून गेलं. गेटसमोरच्या चहाच्या टपरीत पंखा फिरत होता, पण टपरीला वीज कारखान्यातूनच दिलेली, हे सगळ्यांना ठाऊक. त्या पंख्याकडे कोण बघतं? काम करण्याआधी तारा जमिनीशी जोडायची साखळी ठेकेदाराकडे एकच होती, ती दुसऱ्या टोळीने नेलेली. दादाने तार धरली. तो खाली पडला तेव्हा कुठे आमचा रिले जागा झाला.

जीव वाचला, पण उजवा हात कोपरापासून काढावा लागला.

चौकशीत कुणीही खोटं बोललं नाही, हे मला जास्त झोंबतं. सबस्टेशनवाले म्हणाले, लाइन बंद होती. शेठ म्हणाले, रिले चांगला होता. ठेकेदार म्हणाला, याने साखळी टाकली नव्हती. मी उठून बेटाचं सांगायला लागले तर आमचे साहेबच म्हणाले, "भाऊ आहे ना, म्हणून बोलताहेत."

ठेकेदाराने दादाला गोदामावरचं बसून करायचं काम देऊ केलं, पण जबाबात चूक कबूल केली तरच.

"दादा, सही करू नको," मी म्हटलं. "लाइन जिवंत होती. मी सिद्ध करून दाखवते."

"तू दाखवशील गं, पण बघायचंय कुणाला?" तो म्हणाला. "एका हाताच्या लाइनमनला दुसरं कोण ठेवणार हाय? आण ते पेन."

डाव्या हाताने त्याने वेडीवाकडी सही केली. मला शेठपेक्षा त्याचाच राग आला. अजून येतो, आणि तो काढायला जागा नाही.

पुढे कारखान्याने इशाऱ्याची वायर ओढली. नारळ मीच फोडावा असा शेठचा आग्रह होता. मी त्याच आठवड्यात नोकरी सोडली.

गोदामाच्या सुट्टीला दादाच्या मळ्यात गेले की तो आणि वहिनी मेथीच्या जुड्या बांधत असतात. दादाला एका हाताने गाठ आवळता येत नाही, जुडी सुटली की वहिनी करवादते, "साखळी टाकली असती तर ही येळ आली असती का?"

"चुकलंच माझं," दादा म्हणतो.

पूर्वी असं म्हणताना तो हळूच माझ्याकडे बघायचा. आता बघत नाही.