लिनक्समधलं फोल्डर उडवायला सांगणाऱ्या पंडितांनो

ग्रुपवरच्या पंडितांनो, आज सकाळी नंदनवन वस्तीतला माझा मित्र फोनवर रडला.

विंडोजमध्ये लिनक्स चालवताना त्यातून त्याचा डी ड्राइव्ह नीट उघडत नव्हता. त्यानं इथंच विचारलं. तुमच्यातल्या एकानं गंमत म्हणून लिहिलं, "लिनक्समधलं डी ड्राइव्हचं फोल्डर उडव आणि ड्राइव्ह पुन्हा माउंट कर, म्हणजे जोड."

भोळ्यानं उडवलं.

मले म्हणे, "लिनक्समधलं गेलं, पण विंडोजमधलं तर असेलच ना गा?"

"नाही गा. दोन्हीकडून तोच एक ड्राइव्ह दिसते. काय होतं त्यात?"

"मायचा आवाज. दवाखान्यात रेकॉर्ड केला होता."

माय दिवाळीआधीच गेली.

त्या उत्तराखाली तुमचे हसरे चेहरे अजून तसेच आहेत. ते तरी उडवा. उडवणं तर तुम्हाले चांगलंच जमते ना?